दर मे महिन्यात चिलर का बसतो? नागपुरातली खाऱ्या पाण्याची टाकी आणि तीन उन्हाळ्यांची दुरुस्ती

लक्षण आधी सांगते. तुमच्याकडेही हेच होत असेल तर पुढे वाचा. मासोळ्यांची खाऱ्या पाण्याची टाकी अकरा महिने झकास चालते. मे अर्धा सरला, नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस) जवळ आला, की दुपारी दोन ते पाचच्या मधात चिलर, म्हणजे टाकीचं पाणी थंड ठेवणारं यंत्र, बसतो, बंदच पडतो. संध्याकाळी मेकॅनिक येईपर्यंत तो आपोआप निवलेला असतो. बटण दाबलं की घुर्र करून सुरू. "मशीन तर चालून राहिली न ताई," म्हणत तो तीनशे रुपये घेऊन जातो. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. असं आठ-दहा दिवस चालतं, आणि मग नेमके एखाद्या दिवशी आपण घरी नसतो.

माझ्याकडे हे सलग तीन उन्हाळे झालं. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर वैतागून मी चिलरच नवा घेतला. तिसऱ्या उन्हाळ्यात नवाही तसाच बसला. तेव्हा कुठे लक्षात आलं की दुखणं चिलरचं नाहीच.

टाकी तेव्हा अशी होती: चार फुटी, अडीचशे लिटरची. खाली लाकडी कपाटात सम्प, म्हणजे वरचं पाणी उतरतं ती छोटी टाकी, त्यात तीसेक लिटर पाणी. म्हणजे एकूण २८० धरा. त्याच कपाटात सम्पमधलं पाणी परत वर चढवणारा रिटर्न पंप, फेसासोबत घाण काढणारा स्किमर, पाणी गाळणारा कार्बनचा बंद डबा आणि पाव एचपीचा चिलर. वर पाणी हलतं ठेवणारे दोन वेव्हमेकर आणि पाण्यावर वारा मारणारे दोन छोटे पंखे. दोन क्लाउनफिश, तीन निळे डॅमसेल, एक गोबी, एक क्लीनर कोळंबी, काही हर्मिट खेकडे आणि शंख, एवढा संसार. खडक कृत्रिम आहेत. प्रवाळ का नाही, असं पुष्कळ जण विचारतात. खडक बांधणारे प्रवाळ १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, एवढं उत्तर मला पुरेसं वाटतं. शिवाय ४५ अंशांच्या गावात मासोळ्या सांभाळतानाच जीव जातो.

घरी आलात आणि टाकी मेल्यासारखी दिसतेय

तिसऱ्या उन्हाळ्याचं सांगते, कारण त्या वेळी पहिल्यांदा मी घाई केली नाही. आम्ही तीन दिवस अमरावतीला लग्नाला गेलो होतो. चौथ्या दिवशी पहाटे परत आलो. आदल्या रात्री वादळ होऊन लाईट गेली होती. दारासमोर कडुलिंबाच्या फांद्या पडलेल्या. इन्व्हर्टर कधीच संपून टीं-टीं करून थकला होता. दार उघडलं तर हॉलमध्ये मच्छीबाजाराचा वास. टाकीचं पाणी धुरकट, हलत नव्हतं. दोन्ही क्लाउनफिश पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून धापा टाकत होते. थर्मामीटरवर ३२.

हात पाण्यात घालण्याआधी टाकीचे सगळे प्लग काढा. लाईट नसली तरी काढा. ती कधी येईल ते सांगून येत नाही, आणि मिठाचे क्षार चढलेला ओला प्लग व खारं पाणी यांच्यामध्ये आपला हात असायला नको. घराला आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर टाकीवर पुढचा पैसा त्यावर खर्च करा.

मग हवा. पहिली हवाच, तापमान नंतर. ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) खाऱ्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे जेमतेम पावणेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. ३० अंशांना सव्वासहा. गोड्या पाण्यात २५ अंशांना हाच आकडा सव्वाआठ असतो. म्हणजे आपल्या मासोळ्या मुळातच कमी हवेत राहतात. त्यात पाणी तापलं की मासोळीची गरज वाढते आणि पाण्याची झोळी लहान होते. पाणी स्थिर असेल तर तो ऑक्सिजनही वरच्या दोन बोटांतच राहतो. बॅटरीचा एअर पंप असेल तर लावा. नसेल तर प्लास्टिकचा मग्गा घ्या, टाकीतलंच पाणी उचला आणि हातभर उंचीवरून परत टाकीत सोडा. मी आणि माझ्या मुलाने आळीपाळीने पाऊण तास हेच केलं. दहाव्या मिनिटाला एक क्लाउनफिश खाली उतरला.

आता ज्या जागी पहिल्या वर्षी माझं वाटोळं झालं, ती जागा. लाईट आली की रिटर्न पंप सुरू करावासा वाटतो. करू नका. कार्बनचा डबा, कॅनिस्टर फिल्टर, पाणी आत जाऊन बाहेर येणारं कुठलंही बंद भांडं काही तास बंद राहिलं, की आतले जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन खाऊन टाकतात आणि मरू लागतात. आतलं पाणी काळपट होतं, त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. पंप सुरू झाला की ते सगळं पाणी एका झटक्यात टाकीत. पहिल्या उन्हाळ्यात धापा टाकणाऱ्या मासोळ्या माझ्यासमोर वाचल्या होत्या, आणि मीच बटण दाबून त्यांना ते विष पाजलं. तेव्हा आधी डबा काढा, त्यातलं पाणी मोरीत ओता, कार्बन फेका, स्पंज आणि गाळायचं माध्यम टाकीतून काढलेल्या खाऱ्या पाण्यात खंगाळा, मग जोडा. नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने उरलेले जिवाणूही जातील.

तापमान हळू उतरवायचं. तासाला एक अंश, त्याहून जास्त नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात मी रसवंतीवाल्याकडून बर्फाची लादी आणून फोडून टाकीत टाकली होती. ती नळाच्या पाण्याची. तापमान उतरलं, पण त्यासोबत क्षारताही (पाण्याचा खारटपणा) पडली आणि पाण्यात क्लोरीन शिरलं ते वेगळं. कोळंबी त्याच संध्याकाळी गेली. बर्फ बाटलीतच हवा, झाकण घट्ट. हिशेब सोपा आहे: एक लिटरची गोठलेली बाटली वितळून टाकीच्या तापमानाला येईपर्यंत साधारण साडेचारशे किलोज्यूल उष्णता ओढते, अडीचशे लिटर पाणी एक अंशाने उतरवायला हजारेक लागतात. म्हणजे एका अंशाला सव्वादोन बाटल्या. तासाला दोन बाटल्या टाकायच्या, दर अर्ध्या तासाला थर्मामीटर बघायचा. आमच्या फ्रीझरमध्ये आता एप्रिलपासून आठ बाटल्या पडून असतात. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांना "मासोळ्यांचं आइस्क्रीम" म्हणतात.

मेलेले शोधा, आणि सगळे मोजा. मासोळी तरंगते किंवा कोपऱ्यात दिसते. शंख दिसत नाही. मोठा टर्बो शंख खडकामागे मेला तर एकटा अख्ख्या टाकीचं पाणी नासवतो. प्रत्येक शंख उचलून वास घ्यायचा. मेलेल्या शंखाचा वास आला की शंका उरत नाही. माझ्या नऊपैकी चार गेले होते. एक डॅमसेल गेला, एक डॅमसेल सापडलाच नाही. हर्मिटांनी खाल्ला असावा.

अमोनियाचा गुंता

हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. मेलेलं काही सडलं की पाण्यात अमोनिया सुटतो. बंद पडलेल्या टाकीत कार्बन डायऑक्साइड साचतो आणि पीएच उतरतो. माझा ८.२ वरून ७.८ ला आला होता. अमोनियाचं विष पीएचवर अवलंबून असतं: पीएच कमी असेल तर बहुतेक अमोनिया निरुपद्रवी अमोनियम रूपात राहतो. आता आपण हवा सुरू करतो. कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच परत ८.२ कडे चढतो, आणि तोच, तेवढाच अमोनिया दुपटीच्या वर विषारी होतो. म्हणून पुष्कळदा असं होतं की टाकी सुरू केली, मासोळ्या तरतरीत झाल्या, आपण झोपलो, आणि सकाळी मेल्या. लोक म्हणतात शॉक बसला. शॉक नाही, अमोनिया.

याचा अर्थ हवा द्यायची नाही असा मुळीच नाही. हवा आधीच. पण हवेसोबतच अमोनिया बांधणारं औषध पाण्यात गेलं पाहिजे. मी सीकेमचं प्राइम वापरते. ते घातल्यानंतरही अमोनिया मोजणारी सॅलिसिलेटवाली टेस्ट किट बांधलेला अमोनियाही दाखवत राहते, तेव्हा रंग हिरवाच राहिला म्हणून घाबरून पुन्हा पुन्हा डोस देऊ नका. हाताशी औषध नसेल तर पाणी बदलणं हाच उपाय.

पाणी बदलायचं ते एका वेळी चौथा हिस्सा. अर्ध्याहून जास्त बदलायचा मोह होतो, आणि तिथेच टाकीला दुसरा धक्का बसतो. नवं पाणी तापमानाला आणि क्षारतेला जुळलेलं हवं, आणि ते निदान एक दिवस आधी कालवलेलं हवं. ताजं मीठ घोळलेलं पाणी लगेच ओतू नये. आपल्याकडे अडचण अशी की मुंबईचा समुद्र आठशे किलोमीटरवर, आणि तयार खारं पाणी मला तरी इथे विकत मिळालेलं नाही. म्हणून मार्च ते जून माझ्या बाल्कनीच्या आतल्या कोपऱ्यात साठ लिटरचा एक झाकणबंद ड्रम कालवून तयार असतो. मीठ लिटरमागे छत्तीस-सदतीस ग्रॅमपासून सुरू करा आणि शेवटी रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजायचं यंत्र) ३५ पीपीटीला आणा. पाणी घरच्या आरओचं घेत असाल तर एकदा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजा. पिण्याच्या आरओमध्ये चव यावी म्हणून थोडं साधं पाणी परत मिसळायची चावी असते. माझ्या यंत्रातून ऐंशी टीडीएस येत होता आणि मी दोन वर्षं काचेवरच्या शेवाळाला दोष देत होते. पुढे उरलेले क्षारही काढणारी डीआयची नळी जोडली, आता शून्य.

क्षारता मात्र त्या पहाटे उलटीच होती, विशिष्ट गुरुत्वात १.०२८ (३५ पीपीटी म्हणजे साधारण १.०२६). तापलेल्या टाकीतलं पाणी उडतं, मीठ मागे राहतं. ती एका दिवसात १.०२६ ला आणली नाही. आरओचं पाणी थोडं थोडं घालत दोन दिवस घेतले. मासोळ्या सोसतात, पण कोळंबी आणि शंखांना एकदम गोडं पाणी सोसत नाही. (कोळंबी वाचली. ती कशी, मलाही कळलं नाही.)

पुढचे दिवस पटकन सांगते. तीन दिवस खाणं बंद, दिवे बंद. नवीन कार्बन. स्किमर वेड्यासारखा फेस काढतो, काढू द्या, फक्त भांडं दिवसातून दोनदा ओता. अमोनिया रोज मोजा, ०.५ च्या वर गेला की पुन्हा चौथा हिस्सा बदला. माझा पाचव्या दिवशी शून्याला आला. मधे अमोनियापासून जिवाणू बनवतात ते नायट्राइट वाढतं, पण खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे ते मासोळीच्या कल्ल्यांतून फारसं आत शिरत नाही. गोड्या पाण्याच्या टाकीइतकी त्याची धास्ती इथे नको. बाटलीतले जिवाणू घालायचे असतील तर घाला, मी घातले, त्याने फरक पडला की नाही ते सांगता येणार नाही. तांब्याचं कुठलंही औषध मात्र घालू नका, मासोळ्यांच्या अंगावर काहीही दिसलं तरी. शंख, कोळंबी, खेकडे सगळे जातील.

हे दरवर्षी का होत होतं

आता मूळ मुद्दा. पहिली दोन वर्षं मी प्रत्येक वेळी बंद पडलेली वस्तू दुरुस्त केली: चिलर, मग पंप, मग पुन्हा चिलर. तिसऱ्या वर्षी मासोळ्या सावरल्यावर मी दोन प्रोबचा साधा थर्मामीटर घेतला. एक प्रोब टाकीत, एक कपाटात. शेजारी आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. आणि वहीत चार दिवस, दर तासाला.

दुपारी तीन वाजता हॉल ३१ अंश, कूलर चालू. कपाटात ४६.

त्याच आठवड्यात इतवारीकडचे एक म्हातारे फ्रिजवाले आले होते. त्यांनी कपाटाचं दार उघडलं, आतल्या हवेवर तळहात धरला आणि म्हणाले, "ताई, याला कोंडून ठेवलं न तुम्ही. आपलंच फुंकून राहिलं, आपलंच घेऊन राहिलं. हवा कुठून भेटंल त्याला?" चिलर म्हणजे छोटा फ्रिजच. पाण्यातली उष्णता काढून मागून बाहेर फेकतो. कपाटाची दारं लावलेली असली की फेकलेली गरम हवा पुन्हा तोच ओढतो, आणि कॉम्प्रेसर तापून ओव्हरलोड, म्हणजे त्याचा सुरक्षा-स्विच, त्याला बंद करतो. संध्याकाळी कपाट निवतं, चिलर सुरू होतो, मेकॅनिकला काहीच सापडत नाही. मागची जाळी काढली तर कंडेन्सरच्या पात्यांवर पिवळट नमदा बसलेला. कूलरच्या ताट्यांमधल्या गवताचा भुगा आणि धूळ, ओल्या हवेने घट्ट चिकटलेली.

दारं का लावलेली होती? कारण आईंच्या मालिकांमध्ये पंपाचा आवाज येतो. हे माझ्या निदानाच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलेलं आहे.

दुसरं कारण विजेचं. दुपारी मोहल्ल्यातले सगळे कूलर आणि एसी सुरू असतात. भिंतीच्या प्लगला २०४ व्होल्ट, पण माझा चिलर ज्या एक्स्टेन्शन बोर्डावर होता तिथे कॉम्प्रेसर उठताना १९० च्या खाली. त्याच बोर्डावर कूलरही होता. बारीक वायर, दोन मोटारी. व्होल्टेज कमी असलं की कॉम्प्रेसर उठत नाही, नुसता घुमतो आणि तापतो. लाईट क्षणभर जाऊन परत आली तर आणखी वाईट: आतला दाब समान व्हायला तीन-पाच मिनिटं लागतात, त्याआधी उठायचा प्रयत्न केला की पुन्हा ओव्हरलोड. मे महिन्यात अशी डुलकी दिवसातून चार-पाच वेळा लागते. उपाय महाग नव्हता. इलेक्ट्रिशियनने अडीच स्क्वेअर एमएमच्या वायरचा स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट काढून दिला, आणि लाईट आल्यावर तीन मिनिटं थांबून मग वीज सोडणारा स्टॅबिलायझर लावला.

एवढ्यावर माझं समाधान झालं असतं. पण वहीतलं एक कोडं सुटत नव्हतं. ऑटो टॉप-ऑफची, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरून काढणाऱ्या यंत्राची, बादली पंधरा लिटरची. रोज तीन लिटर पाणी उडतं, म्हणजे बादली पाच दिवस पुरते. मी तीन दिवसांसाठी गेले होते. तरी परत आले तेव्हा बादली कोरडी, सम्पमधला रिटर्न पंपाचा कप्पा कोरडा आणि पंप हवा ओढून बंद पडलेला. आधी वाटलं फ्लोट, म्हणजे पाण्याची पातळी ओळखणारा तरंगता स्विच, अडकला. शंख त्यावर चढून बसतात हे खरं आहे, पण फ्लोट मोकळा होता.

उत्तर कूलरमध्ये होतं. कूलर सुरू असताना खिडक्या लावलेल्या हॉलमध्ये आर्द्रता ६८ टक्के. पंखे पाण्यावर वारा मारतात, पण ओल्या हवेत पाणी फारसं उडत नाही, म्हणून रोज तीनच लिटर, आणि टाकी थंड ठेवायचा सगळा भार चिलरवर. आम्ही अमरावतीला गेलो, कूलर बंद केला. हॉल ३८ अंशांवर गेला, पण हवा कोरडी झाली, आर्द्रता २० टक्के. आता तेच पंखे तिप्पट पाणी उडवू लागले. रोज नऊ लिटर. बादली दोन दिवसांच्या आत संपली. सम्प असलेल्या टाकीत उडालेलं पाणी वरच्या टाकीत कमी झालेलं दिसत नाही, ते खालच्या शेवटच्या कप्प्यातच कमी होतं. एक दिवसाने तो रिकामा, आणि पंप कोरडा.

मजा अशी की चिलर बंद पडल्यावर टाकी ३८ ला गेली नाही, ३२ वरच थांबली, ती याच पंख्यांमुळे. एक लिटर पाणी उडालं की अडीचशे लिटरची टाकी दोन अंशांहून जास्त निवेल एवढी उष्णता घेऊन जातं. पंख्यांनी मासोळ्या वाचवल्या आणि पंख्यांनीच पंप बंद पाडला. मी मात्र कूलर चालू असतानाचा हिशेब करून कूलर बंद घरात टाकी सोडून गेले होते.

म्हणून आता कुठेही जायचं असलं की बादली नाही, पन्नास लिटरचा ड्रम. आणि सम्पच्या शेवटच्या कप्प्यात आणखी एक फ्लोट, पातळी उतरली की रिटर्न पंप बंद करणारा.

इन्व्हर्टरचंही तसंच. १२ व्होल्ट दीडशे एएचच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात. नव्या बॅटरीतून हजारेक सहज वापरता येतात. एक डीसी वेव्हमेकर वीस-पंचवीस वॅट खातो, म्हणजे दीड दिवस चालायला हवा. आमचा इन्व्हर्टर तासाभरात संपला, कारण हॉलचे दिवे, पंखा, वायफाय, टीव्हीचा डबा सगळं त्याच लाइनवर, आणि बॅटरी सहा वर्षं जुनी. आता बाहेर जाताना त्या लाइनवर फक्त एक वेव्हमेकर असतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर साधे एसी पंप गुरगुरतात आणि तापतात, अडॅप्टरवर चालणारे डीसी पंप बिनतक्रार चालतात. नवा पंप घेताना एवढं बघा.

पंपाचं आणखी एक. महिनोन्महिने चालणारा पंप लाईट जाऊन आल्यावर उठतच नाही, असं झालं तर लगेच नवा आणू नका. आतल्या चक्राच्या दांड्यावर चुना जमतो. फिरत असतो तोवर फिरतो, एकदा थांबला की त्याला परत सुटण्याइतका जोर नसतो. उघडा, पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून रात्रभर बुडवून ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा. मी होळीनंतरच्या रविवारी दोन्ही पंप उघडते, उन्हाळा लागायच्या आत.

आता चिलर कपाटाबाहेर आहे, दोन्ही बाजूंनी हातभर मोकळी जागा, तोंड स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टकडे. कूलरचा झोत त्याच्यावर येत नाही; झोतात ठेवला तर थंड राहतो, पण भुगाही त्यातच जातो. दर रविवारी कंडेन्सरवर कोरडा ब्रश. बाल्कनीत ठेवा असं दोघा-तिघांनी सुचवलं. मे महिन्यात आमची बाल्कनी कपाटापेक्षा गरम असते.

जुलैत हे सगळं बदलतं, तेही सांगून ठेवते. पाऊस लागला की हवा २९ अंश आणि आर्द्रता ८५-९० टक्के. पंखे फिरतात, आवाज करतात, आणि काहीच थंड करत नाहीत. तेव्हा "पंखे असूनही टाकी तापतेय" म्हणून पंखे बदलू नका. आम्ही ते बंदच ठेवतो, चिलर २६ वर, टॉप-ऑफला दिवसाला लिटरभर पाणी. मिठाची पिशवी मात्र त्या महिन्यात एअरटाइट डब्यात हलवा, नाहीतर दगड होतो.

चौथा उन्हाळा गेला. नवतप्यात कपाट ३३ च्या वर गेलं नाही, टाकी २७.४ च्या वर गेली नाही. कपाटाला दारंच नाहीत आता, काढून माळ्यावर ठेवली. पंपाचा आवाज येतो. आई टीव्हीचा आवाज पूर्वीपेक्षा चार घरं वर ठेवतात, आणि जाहिराती लागल्या की माझ्याकडे बघतात.